बदलणे आणि बदलून घेणे : मालवाहू गाडीच्या स्पार्क प्लगांसंबंधी एक विचार

‘मालकाने गाडीचे प्लग बदलले’ हे वाक्य मराठीत दोन सर्वस्वी भिन्न घटनांना लागू पडते. मालकाने स्वतः पाना हातात घेतला, ही एक घटना. त्याने मिस्त्रीकडे गाडी नेऊन पैसे मोजले, ही दुसरी. ‘त्याने गावात घर बांधले’ असे म्हणताना बांधणारा गवंडी जसा वाक्याबाहेर राहतो, तसाच येथे मिस्त्री राहतो. ‘बदलून घेतले’ असे म्हटल्यानेही संदिग्धता संपत नाही. ‘घेणे’ हे सहायक क्रियापद कृतीचे फळ कर्त्याकडे येते एवढेच सांगते. कृती कोणाच्या हातून झाली हे ‘मिस्त्रीकडून’ असे पद जोडल्याखेरीज कळत नाही. भाषेने मोकळा सोडलेला हा प्रश्न व्यवहारात मात्र पैशाचा, वेळेचा आणि क्वचित इंजिनाच्या आयुष्याचा ठरतो. त्याचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाला उचगावात विशेष अर्थ आहे. करवीर तालुक्यातील हे गाव कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, पुणे-बंगळूर महामार्गालगत वसलेले आहे. लगतचे गांधीनगर ही फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी भरभराटीस आणलेली कापडाची घाऊक बाजारपेठ. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतीही दूर नाहीत. कापडाचे गठ्ठे, ओतकामाचे सुटे भाग, गूळ, भाजीपाला यांची जवळच्या अंतरावरील वाहतूक लहान मालवाहू गाड्यांवर चालते, आणि अशा गाडीचा मालक पुष्कळदा तिचा चालकही असतो. कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेस भरावा लागतो, म्हणून गाडी उभी राहिलेला दिवस हा त्याच्या दृष्टीने दुहेरी तोट्याचा दिवस होय.

ट्रकला प्लग असतो काय?

आरंभीच एक भ्रम दूर करणे इष्ट आहे. महामार्गावरून जाणाऱ्या बहुसंख्य अवजड ट्रकांना स्पार्क प्लग नसतोच. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले इंधन पेट घेते. ठिणगीची गरज उरत नाही. काही डिझेल इंजिनांत ‘हीटर प्लग’ असतो, पण तो थंड इंजिन सुरू होण्यापुरती ऊब देतो, ठिणगी पाडत नाही. केवळ ‘प्लग’ या शब्दाने दोन निराळ्या वस्तू निर्दिष्ट होत असल्यामुळे सुटे भाग विकत घेताना पूर्ण नाव घेणे शहाणपणाचे ठरते.

भारतात पेट्रोलवर चालणारे ट्रक एके काळी सर्रास होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ लष्करी लॉऱ्या नागरी वाहतुकीत आल्या. त्यांच्या चालकाला प्लग काढून घासणे हे नित्यकर्मच असे. १९५४ साली टाटांनी डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे डिझेल ट्रकांचे उत्पादन सुरू केले, आणि पुढील काही दशकांत स्पार्क प्लग ट्रकमधून जवळजवळ नाहीसा झाला. त्याचे पुनरागमन अलीकडचे आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणविषयक मानक देशभर लागू झाले. त्यामुळे लहान डिझेल इंजिने महाग पडू लागली व लहान मालवाहू गाड्यांत पेट्रोल आणि सीएनजी यांचा प्रसार वाढला. सीएनजीवर चालणाऱ्या मोठ्या ट्रकांतही स्पार्क प्लग असतोच. त्यातच वायुरूप इंधनात ठिणगी पाडण्यास अधिक विद्युत्-दाब लागतो, म्हणून प्लग आणि त्यास वीज पुरविणारी कॉइल या दोहोंवर ताण वाढतो. जुन्या लॉरीचालकाचे नित्यकर्म अशा रीतीने त्याच्या नातवाच्या पिढीपुढे नव्याने उभे राहिले आहे; मधल्या काळात हाताची ती सवय मात्र तुटली आहे.

कृतीचे स्वरूप

वरवर पाहता कृती सोपी आहे. लहान गाड्यांत इंजिन बहुधा आसनाखाली असते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. कारण तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग उपटताना आट्यांना इजा होण्याचा संभव असतो. बॅटरीची जोडणी सोडवावी. गाडी सीएनजीची असल्यास नळकांड्याची झडप बंद करावी आणि वायूच्या नळ्यांना मुळीच हात लावू नये. प्लगभोवतीची धूळ हवेच्या झोताने उडवून द्यावी, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते. कॉइल किंवा टोपी सरळ वर ओढावी. वायर धरून ओढू नये. एका वेळी एकच प्लग काढून त्याच्या जागी नवा बसवावा, म्हणजे वायरी परस्परांत बदलण्याचा धोका राहत नाही.

खरी कसोटी प्लग बसविताना लागते. नवा प्लग प्रथम पाना न लावता, केवळ बोटांनी फिरवावा. आटे जुळले असतील तर तो सहज उतरत जातो. पहिल्या फेऱ्यातच अडला तर तो तिरका चढला आहे असे समजून मागे घ्यावा. बोटांनी पूर्ण बसल्यावर चौदा मिलिमीटर व्यासाचा, वॉशर असलेला नवा प्लग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा. टॉर्क पाना असल्यास अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर हे सर्वसाधारण प्रमाण आहे. बारा मिलिमीटरच्या प्लगाला १५ ते २०, तर दहा मिलिमीटरच्या प्लगाला १० ते १२ पुरतात. वाहनाच्या पुस्तिकेत निराळा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा. आट्यांना ग्रीस लावण्याची प्रथा त्याज्य आहे. तेलकट आटे तेवढ्याच जोरात अधिक फिरतात आणि प्लग नकळत जास्त आवळला जातो.

कमी आवळलेला प्लगही तितकाच घातक असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्लगाची उष्णता मुख्यतः त्याच्या बैठकीतून हेडमध्ये उतरते. बैठक सैल राहिली तर उष्णतेची ही वाट अडते आणि प्लग प्रमाणाबाहेर तापतो. ‘घट्ट बसवणे’ या शब्दप्रयोगाला म्हणजे खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा आहेत; शब्दात मात्र त्यांपैकी एकही सूचित होत नाही. मिस्त्रीच्या मनगटाला त्या ठाऊक असतात. नवशिक्याला त्या आकड्यांतून शिकाव्या लागतात.

आकड्यांची भाषा

आकड्यांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. प्लगाच्या टोकाचे तापमान सुमारे पाचशे अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर काजळी जळून जात नाही. साडेआठशे-नऊशेच्या वर गेले तर ठिणगीपूर्वीच इंधन पेटू लागते. म्हणून प्रत्येक इंजिनाला विशिष्ट उष्णतामानाचा प्लग लागतो आणि ते मान प्लगावरील अंकाने दर्शविलेले असते. परंतु एनजीके या जपानी कंपनीच्या पद्धतीत अंक वाढला की प्लग अधिक ‘थंड’ होतो, तर बॉश या जर्मन कंपनीच्या पद्धतीत अंक वाढला की तो अधिक ‘उष्ण’ होतो. एकाच चिन्हाला दोन व्यवस्थांत परस्परविरुद्ध अर्थ असावेत, याचे एवढे स्पष्ट उदाहरण भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही विरळा. दुकानदाराने ‘कंपनी वेगळी, नंबर तोच’ असे आश्वासन दिल्यास ते म्हणूनच नाकारावे आणि गाडीच्या पुस्तिकेतील संपूर्ण क्रमांक, आट्यांच्या लांबीसह, जुळवून पाहावा. लांबी जास्त असलेला प्लग पिस्टनला धडकण्याची भीती असते.

मजुरी कशाची?

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर दृष्टिपथात येते. प्लगाची किंमत दोन्ही पक्षी सारखीच. वाचते ती फक्त मजुरी. ती मजुरी पाना फिरविण्याची आहे असे मानले तर ती व्यर्थ वाटेल. वस्तुतः मिस्त्री तीन गोष्टींचे मोल घेतो. पहिली, हाताची जाण. दुसरी, जोखीम : हेडचे आटे गेले तर नवे आटे पाडून तारेचे वेटोळे बसवावे लागते, प्रसंगी हेड उतरवावे लागते, हे कामाच्या वेळी मिस्त्रीच्या हातून घडले तर त्याचे उत्तर त्याला द्यावे लागते, मालकाच्या हातून घडले तर मालकाला. तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जुन्या प्लगाचे वाचन. फिकट तपकिरी वा राखाडी टोक हे निरोगी ज्वलनाचे लक्षण होय. कोरडी काळी काजळी इंधनाचे प्रमाण जास्त असल्याचे सांगते. ओलसर, तेलकट काळेपणा सिलिंडरमध्ये तेल येत असल्याचे. पांढरे, फोड आलेले टोक अतितापाचे. सीएनजीवर मुळातच काजळी कमी धरते, म्हणून तेथे थोड्याशा काळेपणाकडेही दुर्लक्ष करू नये. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे, हे ज्ञानही याच वाचनातून होते.

मात्र हे वाचन मिस्त्री करीलच असे नाही. घाईच्या वेळी जुने प्लग पाहिल्याविना टोपलीत जातात, आणि मालकाने तक्रार कोणत्या शब्दांत मांडली यावर निदान अवलंबून राहते. गॅरेजमधील मराठीत ‘मिसिंग करते’, ‘झटके मारते’, ‘ओढत नाही’, ‘पिकअप घेत नाही’ हे प्रयोग रूढ आहेत. ते समानार्थी नव्हेत. ‘मिसिंग’ म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकणे. त्यातून न जळालेले इंधन उत्सर्जन-नळीतील शुद्धिकारक यंत्रणेत जाऊन तिला जाळू शकते, म्हणून तेथे विलंब परवडत नाही. ‘ओढत नाही’ याचे कारण प्लगही असेल, तुंबलेला एअर फिल्टरही असेल किंवा घसरणारी क्लच-प्लेटही. जो मालक या शब्दांत भेद करीत नाही, तो अनेकदा नको असलेले प्लग विकत घेतो आणि मूळ दोष घेऊनच घरी परततो.

निष्कर्ष

तेव्हा निर्णय मजुरीच्या आकड्यावरून करणे युक्त नव्हे. प्लग सहज हाती लागत असतील, योग्य पाना जवळ असेल, केवळ ठरलेल्या अंतरानंतरची बदली करावयाची असेल आणि दुसऱ्या दिवशी गाडीला सुट्टी असेल, तर मालकाने हे काम स्वतः करावे. प्लग अडकून बसला असेल, आट्यांविषयी शंका असेल, गाडी हमीच्या मुदतीत असेल किंवा दोषाचे कारणच अज्ञात असेल, तर ते मिस्त्रीकडे सोपवावे. मात्र जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून मागावेत आणि त्याच्यासमवेत पाहावेत.

उचगावच्या मालक-चालकाने हे काम आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने करावे, असे सुचविण्याचे कारण मजुरीची बचत हे नाही. ज्याने स्वतः प्लग काढून त्याचे टोक न्याहाळले आहे, त्याला गॅरेजमध्ये ‘गाडी बिघडली’ एवढेच सांगून थांबावे लागत नाही. ‘तिसऱ्या सिलिंडरचा प्लग ओला निघाला’ असे तो सांगू शकतो. या एका वाक्याने मिस्त्रीचा तासभर वाचतो आणि मालकाचा दिवस. पुढे तो प्लग बदलो वा बदलून घेवो, त्या क्रियेत काय काय घडावयास हवे हे त्याला ठाऊक असते.