दोन बोटांची जखम, बावीस जणांचा बळी

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, ओएनजीसीचे ‘मुंबई हाय नॉर्थ’ हे तेल आणि वायूचे संकुल उभे होते. एकमेकांना पुलांनी जोडलेले चार प्लॅटफॉर्म, त्यातला एक कामगारांच्या राहण्याचा. येथून दररोज सुमारे ८० हजार पिंपे तेल निघत असे. २७ जुलै २००५ रोजी, म्हणजे मुंबई पुराच्या पाण्यात बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, परिसरातल्या ‘समुद्र सुरक्षा’ या मदतनौकेवर एका स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली. हवामान इतके खराब होते की हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. म्हणून त्याला क्रेनच्या पाळण्यातून प्लॅटफॉर्मवर घ्यायचे ठरले.

प्लॅटफॉर्मच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती. त्यामुळे नौकेला वाऱ्याच्या आणि लाटांच्या बाजूने जवळ यावे लागले. त्यातच नौकेच्या एका प्रणोदक यंत्राने नीट साथ दिली नाही. दुपारी चारच्या सुमारास एका मोठ्या लाटेने नौका उचलली आणि तिचा हेलिपॅड उच्च दाबाचा वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळांवर आदळला. या नळांना ‘रायझर’ म्हणतात. वायू सुटला, पेटला आणि सुमारे दोन तासांत मुख्य प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. संकुल, नौका आणि शेजारची खोदकामाची रिग मिळून ३८४ माणसे होती. नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांनी पंधरा तासांत ३६२ जणांना वाचवले. २२ जण गेले.

२७ जुलै २०२५ रोजी या घटनेला वीस वर्षे पूर्ण झाली. सोलापूरला समुद्र नाही. पण १८ मे २०२५ रोजी पहाटे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जण गेले. त्यात कारखान्याचे मालक होते, दीड वर्षाच्या नातवासह त्यांच्या घरातले तिघे होते आणि चार कामगार होते. त्या आगीमागची कारणे ठरवणे हे चौकशीचे काम आहे. मात्र समुद्रातल्या दुर्घटनांचा जगभरात जितका बारकाईने अभ्यास झाला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या उद्योगातल्या दुर्घटनांचा झाला असेल. त्यातून जे कळले, ते यंत्रमागाच्या शेडलाही लागू पडते.

चादरीच्या घड्या

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मोठ्या अपघातांचे स्वरूप सांगण्यासाठी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांचे उदाहरण दिले होते. सोलापूरकरांना ते चादरीवरून लवकर कळेल. वापरून वापरून विरलेल्या चादरीला ठिकठिकाणी भोके पडलेली असतात. तिची चार पदरी घडी करून उजेडासमोर धरली, तर आरपार काही दिसत नाही. एका पदराचे भोक दुसरा पदर झाकतो. पण कधीतरी चारही पदरांची भोके नेमकी एका रेषेत येतात आणि उजेड पलीकडे जातो. अपघात असाच होतो.

मुंबई हायचे पदर मोजून पाहा. आडोशाची क्रेन बंद, हा एक. नौकेच्या यंत्रातला बिघाड, हा दुसरा. रायझर नौका लागण्याच्या जागेजवळ आणि त्यांना धडकेपासून पुरेसे संरक्षण नाही, हा तिसरा. खवळलेल्या समुद्रात इतक्या जवळ यायचे की नाही याबद्दलचा निर्णय, हा चौथा. यांतली कुठलीही एक गोष्ट एरवी वर्षभर तशीच राहिली असती, तरी बहुधा काही झाले नसते. धोका नेमका इथेच असतो. दुरुस्ती लांबणीवर टाकली आणि काही झाले नाही, की ‘चालतंय की’ असे वाटू लागते. चालते, कारण उरलेले पदर अजून शाबूत असतात.

खर्चकपातीचे नुकसान म्हणूनच लवकर दिसत नाही. अपघात व्हावा असे कोणत्याही कंपनीला वाटत नाही. कागदावर फक्त देखभालीची तारीख पुढे जाते, सुटे भाग पुढच्या तिमाहीत घ्यायचे ठरते, दोन माणसांचे काम एकाकडे येते, कायमच्या कामगाराच्या जागी कंत्राटी माणूस येतो. वाचलेला पैसा त्याच महिन्याच्या ताळेबंदात दिसतो. वाढलेला धोका कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

हेल्मेट मोजले, विहीर राहिली

मेक्सिकोच्या आखातातली ‘डीपवॉटर हॉरायझन’ ही रिग याचे सर्वात जास्त तपासले गेलेले उदाहरण आहे. २० एप्रिल २०१० रोजी तिच्यावर स्फोट होऊन ११ कामगार ठार झाले आणि ८७ दिवस समुद्रात तेल वाहत राहिले. त्या विहिरीचे काम सुमारे सहा आठवडे मागे पडले होते आणि खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला होता. एका दिवसाचा खर्च सुमारे दहा लाख डॉलर होता. अशा वेळी प्रत्येक तासाला किंमत येते. विहिरीतली नळी मधोमध राहावी म्हणून बसवायच्या कड्या सिमेंटचे काम करणाऱ्या कंपनीच्या हिशेबाने २१ हव्या होत्या; बसवल्या सहा. सिमेंट नीट बसले की नाही हे तपासायला आलेले पथक तपासणी न करताच परत पाठवले गेले. दाबाच्या चाचणीत दिसलेल्या विसंगतीचा सोयीचा अर्थ लावला गेला.

त्याच दिवशी काही वरिष्ठ अधिकारी रिगवर आले होते. रिगने सात वर्षे एकही कामाचा दिवस दुखापतीमुळे न गमावल्याचे कौतुक करणे, हे त्यांच्या भेटीचे एक निमित्त होते. यात विनोद नाही, शास्त्र आहे. पाय घसरणे, बोट चेंगरणे, डोक्यावर काही पडणे हे अपघात हेल्मेट, बूट आणि पट्टा वापरून कमी करता येतात आणि मोजताही येतात. गळती, दाब, स्फोट आणि आग यांचा धोका वेगळा असतो. तो झडपांच्या, नळांच्या आणि तपासण्यांच्या स्थितीवर ठरतो. पहिला आकडा सुधारला म्हणून दुसरा धोका कमी झाला असे होत नाही.

ज्वाळेआधी धूर

अशा आगीत माणूस नेमका कशाने मरतो? ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला. दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा झडप काढलेली होती. ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोचली नाही आणि तो पंप सुरू केला गेला. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून तेल येणे काही काळ सुरूच राहिले, कारण उत्पादन थांबवण्याचा निर्णय लगेच कोणी घेतला नाही. १६७ माणसे गेली. सापडलेल्या १३५ मृतदेहांपैकी १०९ जणांचा मृत्यू धुरामुळे झाला होता. बरेच जण राहण्याच्या इमारतीत हेलिकॉप्टरची वाट पाहत थांबले होते. बाहेर समुद्रात उड्या मारलेल्यांपैकी अनेक जण वाचले.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. त्यामुळे रक्त वाहत राहते, पण मेंदूला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मग गोंधळल्यासारखे होते, पायातले बळ जाते. दार समोर असूनही माणूस तिथवर पोचू शकत नाही. झोपेत असलेल्याला तर जागही येत नाही. सूत, टॉवेल, रंग आणि प्लास्टिकचे वेष्टण साठवलेल्या शेडमध्ये पहाटे आग लागली, तर पळायला वेळ असतो तो मिनिटांत मोजण्याइतकाच. मालाच्या गोदामात किंवा त्याच छताखाली माणसांनी झोपणे हे म्हणूनच सर्वात घातक.

लोखंडही आपण समजतो तितके भरवशाचे नसते. साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला पोलाद आपली जवळजवळ निम्मी ताकद गमावते. तेलवायूची आग याच्या कितीतरी पुढे जाते. मुंबई हायचा प्लॅटफॉर्म वितळला नाही. स्वतःचे वजन पेलवेना म्हणून कोसळला.

‘समुद्र सुरक्षा’वर त्या दिवशी सहा पाणबुडे दाबाच्या कक्षात होते. खोल पाण्यात काम करणाऱ्यांना दिवसेंदिवस अशा कक्षात राहावे लागते, कारण वाढलेल्या दाबाने वायू त्यांच्या रक्तात आणि पेशींत विरघळलेला असतो. दार एकदम उघडले, तर सोड्याच्या बाटलीचे झाकण काढल्यावर होते तसे शरीरात बुडबुडे होतात आणि माणूस दगावतो. नौका पेटलेली असताना त्यांना आतच थांबावे लागले. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. पुढे ती नौका बुडाली.

थकवा हाही बिघाडच

समुद्रातली पाळी बारा तासांची असते. ओएनजीसीच्या कर्मचाऱ्यांना साधारण १४ दिवस काम आणि १४ दिवस सुट्टी मिळते. कंत्राटी कामगारांच्या वाट्याला याहून लांब मुक्काम येतो. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले, की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचे हात आणि डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने मर्यादा आहे ०.०३ टक्के. दारू प्यायलेल्याला आपण यंत्राजवळ उभे राहू देत नाही. दोन पाळ्या जोडून केलेल्या कामगाराला मात्र ‘कष्टाळू’ म्हणतो.

कंत्राटाची साखळी लांबली, की ‘थांबा’ म्हणणाऱ्याचा आवाज आणखी बारीक होतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ येत असल्याचे इशारे हवामान विभागाने काही दिवस आधीपासून दिले होते. तरीही ओएनजीसीच्या कामावर असलेला ‘पी-३०५’ हा निवासी तराफा बंदरात न परतता समुद्रातच राहिला. १७ मे रोजी त्याचे नांगर तुटले, तो भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती, बहुतेक कंत्राटी. तराफा आणि ‘वरप्रदा’ ही टगबोट मिळून ८६ जणांचा मृत्यू झाला. अनेक जण जीवरक्षक जॅकेट घालून रात्रभर लाटांत होते. अरबी समुद्राचे पाणी मे महिन्यात कोमट असते, पण पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने काढून घेते. शिवाय प्रत्येक लाटेबरोबर खारे पाणी नाकातोंडात जाते. दमलेल्या माणसाला श्वास आणि लाट यांचा मेळ घालता येईनासा होतो.

परत कोणी यायचे, कधी यायचे, हे कोणी ठरवले यावर नंतर बराच वाद झाला. शास्त्राच्या दृष्टीने हा वादच बोलका आहे. संकटाच्या क्षणी काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे आधीच स्पष्ट नसेल, तर तो कोणाचाच नसतो.

नियम कशातून येतात

पायपर अल्फाच्या चौकशीनंतर लॉर्ड कलन यांनी १०६ शिफारशी केल्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या चालकाने ‘आमच्याकडे कोणते धोके आहेत आणि ते आम्ही कसे आवरतो’ हे लिहून सिद्ध करणे बंधनकारक झाले. आपल्याकडे मुंबई हायच्या आगीनंतर, २००८ मध्ये, समुद्रातील तेल-वायू कामांच्या सुरक्षेचे नियम आले आणि देखरेखीचे काम तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे सोपवले गेले. दोन्हीकडे नियम आले ते माणसे गेल्यावर.

समुद्रातल्या त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट दिसली होती. संकुलावर आठ जीवनौका होत्या, त्यांतल्या दोनच पाण्यात उतरवता आल्या. दहा तराफ्यांपैकी एकच. वस्तू होत्या, पण आगीत त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हते. सोलापुरातल्या कुठल्याही शेडमध्ये हीच तपासणी अर्ध्या तासात करता येते. अग्निशामक नळकांडे आहे का, एवढे विचारू नये. ते मालाच्या गठ्ठ्यांमागे आहे का आणि चालवायला कोणाला येते, हे विचारावे. दुसरे दार आहे का, एवढे विचारू नये. रात्री त्याला कुलूप असते का आणि किल्ली कोणाकडे असते, हे विचारावे. मागावर आणि वायरींवर साचलेला कापसाचा तूस शेवटचा कधी झाडला, वायरींवरचा भार मूळ जोडणीपेक्षा किती वाढला आहे, रात्रपाळीला येणाऱ्याला दिवसपाळीने बिघाड लिहून दिला का, हेही विचारावे. आणि वास आला, ठिणगी दिसली तर सर्वात नव्या कामगारालाही मेन स्विच बंद करता येतो का, आणि बंद केल्याबद्दल त्याची हजेरी कापली जात नाही ना, हे सर्वात आधी विचारावे.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. ज्यांना लागतात, त्यांचा खर्च मालकाने कामगारांसाठी केलेला उपकार म्हणून मोजू नये. १८ मेच्या पहाटे धुराने मालक आणि मजूर असा फरक केला नव्हता.