धूर सुटल्यानंतर : लेखांक ९
जुन्या जागी जुनी तलफ

मागच्या दोन लेखांकांत सिगारेट सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने पाहिले. चिडचिड, झोपमोड, वाढलेली भूक आणि मेंदूतल्या निकोटिन-ग्राहकांची (रिसेप्टर्सची) हळूहळू मूळपदावर येणारी संख्या. तो काळ कठीण खराच, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं. घरचे विचारपूस करतात, मित्र पाठ थोपटतात, माणूस स्वतःही सावध असतो. त्यानंतरच्या वर्षांबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. सोडून चार वर्षं झालेली असतात, आठ झालेली असतात, खिशात काडीपेटी असायची हेही विसरलेलं असतं, आणि एका संध्याकाळी समोर आलेल्या पाकिटाकडे हात जातो.

हे क्वचित घडत नाही. वर्षभर एकही सिगारेट न ओढलेल्यांचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा त्यांच्यातलाही साधारण दहातला एक जण पुढे दरवर्षी परत ओढू लागतो, असं दिसलं. वर्षं सरतात तसा धोका उतरत जातो, पण तो पुरता संपत नाही.

शरीर तर केव्हाच मोकळं झालेलं असतं. निकोटिन काही दिवसांत बाहेर पडतं, मेंदूतले ग्राहकही तीनेक महिन्यांत सावरतात. मग इतक्या वर्षांनी तलफ येते कुठून? याचं उत्तर शिकण्याच्या शास्त्रात आहे, आणि मला ते या सगळ्या लेखमालेतलं सर्वांत उपयोगाचं ज्ञान वाटतं.

इव्हान पाव्हलॉव्हचे कुत्र्यांवरचे प्रयोग बहुतेकांनी शाळेत वाचलेले असतात. ठरावीक आवाजानंतर खाणं मिळत गेलं की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते. आवाज करत राहायचा पण खाणं द्यायचं नाही, असं केलं की लाळ थांबते. त्याचं पुढचं निरीक्षण शाळेत सहसा सांगत नाहीत. मध्ये काही काळ जाऊ दिला आणि पुन्हा तोच आवाज केला, तर थांबलेली लाळ परत सुटते. म्हणजे शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं, त्यावर दुसरं काहीतरी शिकलेलं असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क बाऊटन यांनी पुढे दाखवलं की हे दुसरं शिकणं जागेशी फार घट्ट बांधलेलं असतं. एका ठिकाणी विझलेली सवय दुसऱ्या ठिकाणी नेलं की पुन्हा पेटते.

आता हे माणसाला लावून पाहा. पुण्यात नोकरी करणाऱ्या एखाद्याने सिगारेट सोडली. घरची गॅलरी, ऑफिसखालची टपरी, सकाळचा चहा, जेवणानंतरची शतपावली या प्रत्येक ठिकाणी तो सिगारेटशिवाय शेकडो वेळा वावरला, आणि त्या त्या जागेची ओढ विझत गेली. पण कॉलेजच्या हॉस्टेलवर तो सोडल्यापासून कधी गेलाच नाही. पंधरा वर्षांनी बॅचचं संमेलन भरतं, रात्री जिन्यावर तीच मंडळी तशीच बसतात, आणि त्या जिन्यापुरता तो अजून ओढणाराच असतो. पहिल्या पावसातला कोकणचा रस्ता, घाटात थांबवलेली गाडी, एमआयडीसीतल्या जुन्या कारखान्याची रात्रपाळी, गावाकडची जत्रा यांचंही तसंच. अशा वेळी तलफ आली म्हणजे मन कमकुवत आहे, असं मुळीच नाही. त्या जागेचा धडा शिकायचा राहून गेला होता, एवढाच त्याचा अर्थ.

याची उलटी बाजूही अभ्यासली गेली आहे. व्हिएतनाम युद्धात असंख्य अमेरिकी सैनिकांना हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. १९७१ नंतर संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिकडे व्यसनात असलेल्यांपैकी घरी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले शंभरात पाचच्या आसपास निघाले. जागा बदलली, संगत बदलली आणि हेरॉइनसारख्या गोष्टीची पकडही सैल झाली.

जागेइतकाच प्रसंगही घात करतो. दोन प्रसंग मला सर्वांत धोक्याचे वाटतात. पहिला ‘बसण्याचा’. दारू संयम सैल करते, आणि बहुतेकांच्या डोक्यात ग्लास व सिगारेट जोडीनेच नोंदलेले असतात. दुसरा दुःखाचा. रुग्णालयाबाहेर काढलेली रात्र, स्मशानातून परतताना कोणीतरी मायेने पुढे केलेलं पाकीट. त्या क्षणी नाही म्हणणं माणुसकीला सोडून वाटतं. म्हणूनच काय म्हणायचं ते आधी ठरवून ठेवावं. “मी ओढत नाही, चहा घेऊ” एवढं पुरतं. आणि त्या कोंडाळ्यातून दहा मिनिटं बाजूला व्हावं, कारण तलफेची लाट बहुधा काही मिनिटांतच ओसरते.

समजा, तरीही ओढली गेली. तर? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट यांनी आयुष्याचा मोठा भाग याच प्रश्नावर घालवला. घसरलेला पहिला झुरका आणि पुन्हा जडलेलं व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी लावून धरलं. मधलं अंतर बहुतेकदा निकोटिन भरून काढत नाही, अपराधीपणा भरून काढतो. “एवढ्या वर्षांची मेहनत गेली, आता काय राहिलं,” असं म्हणत माणूस दुसऱ्या दिवशी अख्खं पाकीट विकत घेतो. खरं तर मेहनत कुठेही गेलेली नसते. एका सिगारेटने आठ वर्षांत सावरलेलं हृदय आठ वर्षं मागे जात नाही. त्या रात्री उरलेल्या सिगारेटी फेकाव्यात, विश्वासातल्या एका माणसाला सांगावं, आणि कुठे, कोणासोबत, कशामुळे घडलं ते लिहून ठेवावं. घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे की अशा वेळी टोमणा मारू नका. लपवून ओढणाऱ्याला मदत करता येत नाही.

याच्या नेमका उलटा धोका आत्मविश्वासाचा. “आता ताबा आहे, एखादीने काय होतं?” होतं. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार, रोज वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका रोजच्या एका सिगारेटनेच वाढतो. शिवाय रोजची एक तेवढ्यावर थांबत नाही, हे ओढणाऱ्याला सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक आडवाट आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे सिगारेट सोडलेल्या माणसाभोवती मळलेली तंबाखू पुढे करणारे तळहात कितीतरी जास्त. “धूर तर नाही ना,” म्हणून ती घेणारे पुष्कळ आहेत. निकोटिन तेच, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी. ही सुटका मी सुटका मानत नाही.

इतकी राखण कशासाठी, याचं उत्तर रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चालवलेल्या अभ्यासात आहे. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना आयुष्याची सुमारे तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत दहा. ही वर्षं कायम दूर राहिलेल्यांची आहेत. डॉल स्वतः ओढायचे. पुरावे हाती येऊ लागल्यावर त्यांनी सोडली आणि ते ९२ वर्षं जगले.

सोडून कितीही वर्षं झालेली असोत, घसरलात तर मदत मागायला संकोचू नका. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. तो पहिल्यांदा सोडणाऱ्यांसाठी आहे, तसाच तुमच्यासाठीही आहे.