ढोलकीचे पैसे कुणी द्यायचे?

मागच्या वेळी आपण रक्ताच्या कमतरतेवर बोललो. त्यानंतर दोन-तीन गटांकडून एकच प्रश्न आला. "ताई, आमच्या गटात गाणाऱ्या बाया आहेत. आरोग्यावर भारूड बसवायचंय. पण ढोलकीवाला, माइक, टेम्पो यांचे पैसे आणायचे कुठून? बचतीतून घेऊ का?"

बचतीतून घेऊ नका. आम्ही एकदा घेतले होते, म्हणून सांगतो. बचत ही सभासदांची ठेव असते आणि फिरता निधी कर्ज देण्या-घेण्यासाठी असतो. आम्ही त्यातून माइकचे भाडे दिले, आणि पुढच्याच बैठकीत एका मावशीला मुलीच्या शिकवणीसाठी कर्ज कमी पडले. ती काही बोलली नाही. बाकीच्या बोलल्या. दोन बैठका त्यातच गेल्या आणि भारूड राहिले बाजूला.

मग प्रश्न येतो, गाण्या-नाचण्याला आरोग्याचा पैसा कोण देईल? इथेच आपण कमी पडतो, कारण आपण स्वतःच त्याला करमणूक म्हणतो. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या, तेव्हा त्या नुसत्या दळत नव्हत्या. सासुरवास, मेलेलं लेकरू, भावाची वाट, जे कुणाला सांगता येत नव्हते ते ओवीत यायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, दळणाचा त्रास वाचला, चांगलेच झाले. पण मन मोकळे करायची ती जागाही गेली. तिच्या जागी दुसरी आपण केली का, हा प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ साली एक अहवाल काढला. त्यात कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा आहे. आजार टाळणे, आजारात धीर देणे, मनाचे स्वास्थ्य, या सगळ्यांत कलेचा उपयोग होतो असे त्यात दिसले. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर झारखंड आणि ओडिशाचे घ्या. तिथल्या तीन जिल्ह्यांत 'एकजूट' संस्थेने बायकांच्या गटांच्या दर महिन्याला बैठका घेतल्या. तिथे भाषणे ठोकली नाहीत. गोष्टी, खेळ आणि चित्रांची कार्डे घेऊन बायकांनी बाळंतपणातल्या अडचणींवर स्वतः उपाय शोधले. २०१० साली छापून आलेल्या अभ्यासाप्रमाणे, असे गट नसलेल्या भागांपेक्षा तिथले नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी कमी होते. पंचायतीपुढे बोलताना हे सांगा.

आता आमच्या भारुडाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्त कमी असल्याचे आढळले (२०१९-२१). आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे वाढलाच. लोहाच्या गोळ्या मिळतात, पण आमच्या वाडीत त्या डब्यात पडून असायच्या. का, हे बैठकीत विचारले तर कुणी बोलेना. भारूड बसवताना मात्र सगळे बाहेर आले. सासूचे काम करणाऱ्या मावशीने तालमीतच पदर खोचून सुरू केले, की सूनबाईला गोळीने मळमळतं, आणि शौचाला काळं झालं म्हणून ती घाबरलीय, "आतून जळली गं माझी सून!" सगळ्या हसून लोळल्या. हसता हसता सहा-सात जणींनी सांगितले की आम्ही पण त्याच भीतीने गोळ्या फेकल्या. मग आशाताईने समजावले, काळे होणे हे लोहामुळे, त्यात भिण्यासारखे नाही. गोळी जेवणानंतर घ्या म्हणजे मळमळ कमी होते, आणि गोळीबरोबर चहा घेऊ नका. हेच पुढे भारुडात घातले. गाण्याने रक्त वाढत नाही, ते गोळीने आणि जेवणानेच वाढते. पण बाई गोळीपर्यंत गाण्याने येते.

यासाठी पैसा मागायच्या दोन जागा गावातच आहेत.

एक, ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती. आशाताई आणि अंगणवाडीताई तिच्यावर असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानात या समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद आहे. अबंधित म्हणजे वरून ठरवून न दिलेला. गावच्या आरोग्याची गरज पाहून समितीने खर्च ठरवायचा. यंदा किती आले, किती शिल्लक आहेत, हे आशाताईला आजच विचारा.

दुसरी जागा म्हणजे ग्रामपंचायत. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचेच असतात. घरपट्टी वगैरेतून पंचायतीचे तीन लाख जमले, तर त्यातले तीस हजार आपल्या नावाचे. आमच्याकडे हा पैसा बहुतेक शिलाई मशीन आणि सतरंज्यांवर जातो. त्याला आमची ना नाही, पण दरवर्षी किती सतरंज्या घ्यायच्या? तर ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा व्हावी असा कायदाच आहे. तिथे विषय मांडा, ठरावात लिहून घ्या, आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी सांगितलेले ग्रामसभेपर्यंत पोचत नाही. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचे काम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. तेव्हाच मागायचे. मार्चमध्ये गेलात तर "पुढच्या वर्षी बघू" हेच ऐकाल.

कंपन्यांचा सामाजिक निधीही असतो, पण तो बचत गटाला थेट मिळत नाही, नोंदणी झालेली संस्था मध्ये लागते. सुरुवात गावातूनच करा.

आता अर्जातला हिशेब. आमचा पहिला असा होता. चार वाड्यांत चार कार्यक्रम. ढोलकीवाला ५०० प्रमाणे २,०००, माइक ८०० प्रमाणे ३,२००, दोन लांबच्या वाड्यांना टेम्पो १,२००, फलक ५००, तालमीचा चहा ४००. एकूण ७,३००. समितीने मंजूर केला, आम्ही खूश.

त्यात काय चुकले, ते आम्हाला तिसऱ्या कार्यक्रमाला कळले. कार्यक्रम आम्ही गावच्या आरोग्य व पोषण दिवशी ठेवले होते, म्हणजे दिवसा. ढोलकीवाल्या दादाला ५०० मिळत होते. माइकवाल्याला मिळत होते. आणि आठ बाया आपली खुरपणी बुडवून गात होत्या, त्यांचा रकानाच कागदावर नव्हता. सासूचे काम करणारी मावशी तिसऱ्या दिवशी आली नाही. आम्हाला वाटले रुसली. घरी गेलो तर म्हणाली, "दोन दिवसांची मजुरी गेली बायांनो. घरात विचारतात, गाऊन काय मिळालं?" आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. तिच्याशिवाय तिसरा कार्यक्रम केला, तो पडला. चौथा केलाच नाही, आणि त्याचे पैसे समितीला परत दिले.

पुढच्या वेळी दोन बदल केले. कार्यक्रम आदल्या संध्याकाळी, जेवणे आटोपल्यावर ठेवला. भारूड ऐकून बाया झोपल्या की सकाळी नर्सताईंकडे रक्त तपासायला येतात. आणि हिशेबात लिहिले, कलाकार महिला मानधन, ८ जणी, १५० रुपये, ४ कार्यक्रम, ४,८००. एकूण झाले १२,१००. ते एका ठिकाणाहून मिळणार नव्हते, म्हणून माइक, टेम्पो, फलक समितीकडे आणि मानधन, ढोलकी, चहा पंचायतीकडे, असे दोन अर्ज केले. मानधनावर एका सदस्याने विचारलेच, "घरच्याच बायकांना कशाला पैसे?" आम्ही म्हटले, ढोलकीवाले दादाही घरचेच आहेत.

बरीच चर्चा झाली. शेवटी १५० चे १०० केले आणि ठराव झाला. आम्ही घेतले.

पैसे आले की वेगळी वही करा, गटाच्या वहीत मिसळू नका. माइकवाला पावती देत नसेल तर साध्या कागदावर रक्कम, तारीख, सही घ्या. मानधन देताना प्रत्येकीची सही किंवा अंगठा घ्या. किती बाया ऐकायला आल्या आणि दुसऱ्या दिवशी किती जणींनी रक्त तपासले, हे दोन आकडे आशाताईच्या मदतीने लिहून ठेवा. पुढच्या अर्जाला तेच जोडायचे असतात.

मावशी परत आली आहे. आता तिला भारुडात सासू नको, डॉक्टरीणबाईचे काम हवे आहे. तालीम बुधवारी संध्याकाळी सातला, अंगणवाडीत.