नव्या घरातली दमणूक नेमकी कशाची?

फ्लॅटचा ताबा मिळतो, गॅसवर दूध उतू घालून घरभरणी होते, पाहुणे 'हवा छान येते हो तुमच्याकडे' म्हणत निघून जातात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मात्र घरातल्या कर्त्या बाईचं डोकं चालेनासं होतं. मिठाचा डबा कुठल्या कप्प्यात ठेवला ते आठवत नाही. सकाळी फोनवर घेतलेली ऑर्डर थेट दुपारी आठवते. अशा वेळी डॉक्टरांपुढे मांडली जाणारी तक्रार बहुतेकदा एकाच साच्याची असते: काम पूर्वीइतकंच आहे, पण आता झेपत नाही.

कल्याण-बदलापूर, वसई-विरार किंवा पुण्याजवळच्या वाघोली-मांजरी या पट्ट्यात अशी कितीतरी कुटुंबं सापडतील. उदाहरण म्हणून घरगुती पोळीभाजीचा व्यवसाय करणारी चाळिशीतली बाई घ्या. रोज दीडशे पोळ्या, दोन भाज्या, वीस डबे. दोन मुलं, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाई आणि शिफ्टमध्ये काम करणारा नवरा. हे सगळं ती दहा वर्षं करत आली आहे. नव्या घराने त्यात भर घातली ती वरकरणी किरकोळ कामांची. गॅसचं कनेक्शन बदलायचं, आधारवरचा पत्ता बदलायचा, खाद्यव्यवसायाच्या नोंदणीवरचा पत्ताही बदलायचा. शाळेची बस नव्या रस्त्याने येते का ते विचारायचं. घरातून डबे चालवायला सोसायटीची हरकत नाही ना, हे सेक्रेटरींना गोड बोलून पटवायचं. जुने ग्राहक जुन्या वस्तीत राहिले, नवे अजून मिळालेले नाहीत, आणि हप्ता मात्र पाच तारखेला जातोच. यातलं एकही काम कंबरडं मोडणारं नाही. मग दमणूक कशाची?

याचं एक जुनं उत्तर 1967 साली अमेरिकेतल्या थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मनोविकारतज्ज्ञांनी दिलं. त्यांनी आयुष्यातल्या 43 घटनांची यादी केली आणि प्रत्येकीशी जुळवून घ्यायला किती कष्ट पडतात याचे गुण लावले. जोडीदाराच्या मृत्यूला 100. लग्नाला 50, कारण आनंदाची घटनाही घडी विस्कटतेच. व्यवसायात मोठा फेरबदल 39, मोठं गृहकर्ज 31, राहणीमानातला बदल 25, घर बदलणं 20, मुलांची शाळा बदलणं आणखी 20. बेरीज 135. दीडशेच्या वर आजारपणाची शक्यता वाढते, असं या मोजपट्टीचं म्हणणं होतं. म्हणजे नवं घर घेतलेला छोटा व्यावसायिक त्या रेषेच्या अगदी जवळ जाऊन उभा असतो.

तरीही ही मोजपट्टी डोळे झाकून मानण्यासारखी नाही. ती अमेरिकी माणसांना विचारून केलेली आहे, आणि गुणांचा आजारपणाशी दिसलेला संबंध नंतरच्या अभ्यासांत बराच फिका निघाला. शिवाय रोजचं दूध, डबा, फी, किराणा तिच्या खिजगणतीत नाही. रिचर्ड लझारस आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये नेमकं हेच तपासलं. मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या बारीकसारीक कटकटींवरून माणसाच्या मानसिक तक्रारींचा अंदाज जास्त चांगला बांधता येतो, असं त्यांना दिसलं. घर बदलणं ही घटना एका दिवसात संपते. तिच्यातून निघालेल्या कटकटी सहा महिने पुरतात.

कटकट त्रास देते ती अर्धवट राहिल्यामुळे. 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक आणि मारिया ओव्हसियान्किना या दोन संशोधिकांनी माणसांना छोटी छोटी कामं देऊन मध्येच थांबवून पाहिलं. अर्धवट काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, हा झायगार्निकचा निष्कर्ष पुस्तकांतून जगभर गेला. पुढच्या प्रयोगांत तो दर वेळी टिकला नाही. ओव्हसियान्किनाचा निष्कर्ष मात्र चांगला टिकला: कुणी सांगितलं नसतानाही माणसं अर्धवट सोडलेल्या कामाकडे आपणहून परत वळतात. भाजी परतताना 'बसवाल्याला फोन राहिला' हे मध्येच टोचतं ते यामुळेच. 2009 मध्ये सोफी लेरॉय यांनी या टोचणीची किंमत दाखवली. पहिलं काम अपुरं ठेवून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा एक तुकडा पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम खराब होतं. एकाच वेळी पाच कामं करणारी बाई म्हणून जिचं कौतुक होतं, ती प्रत्यक्षात दर दोन मिनिटांनी लक्ष तोडून जोडत असते. त्या कौतुकाने तिचं काही भलं होत नाही.

यात पैशाची ओढाताण मिसळली की प्रकरण अधिक बिकट होतं. याचा एक उत्तम अभ्यास परदेशातल्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर केला आणि तो 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. शेतकरी तेच, एकदा ऊस जाण्याआधी, हात रिकामा असताना त्यांची बौद्धिक चाचणी घेतली, आणि एकदा उसाचे पैसे हातात आल्यावर. पैसे येण्याआधी त्यांची कामगिरी स्पष्टपणे कमी होती. बुद्धी बदललेली नव्हती. पैशाच्या विवंचनेने तिची जागा अडवली होती, असा अर्थ संशोधकांनी लावला. डब्यांच्या व्यवसायातही पैसा असाच हप्त्याहप्त्याने, कधी उशिरा येतो. घरखर्च आणि धंद्याचा पैसा एकाच डब्यात असला, तर दर वेळी कांदे घेताना मनात बँकेचा हप्ता मोजला जातो. हप्त्याचं खातं वेगळं करून दर आठवड्याला चौथा हिस्सा त्यात टाकत गेल्याने उत्पन्न वाढत नाही. पण रोजचा एक हिशोब डोक्यातून जातो.

झोपेचं गणित नव्या घरात पहिल्या रात्रीपासूनच बिघडतं, आणि त्याचं कारण गंमतीचं आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही; पहाऱ्यावर असल्यासारखा तो आवाज टिपत राहतो. जागा परिचयाची झाली की हे ओसरतं. महिना उलटून गेल्यावरही झोप लागत नसेल, तर दोष घराकडे किंवा पलंगाच्या दिशेकडे जाण्याचं कारण नाही. बहुधा तिथे यादी जागी असते.

शरीरावर याचा परिणाम सावकाश होतो. कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि रात्रीपर्यंत उतरतं. धोका समोर आला की ते पुन्हा उसळतं, धोका टळला की खाली येतं. यादी मात्र टळत नाही. सतत थोडं थोडं ताणलेलं राहिल्याने रक्तदाब, साखर, झोप, भूक या सगळ्यांवर जी झीज साचत जाते, तिला ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी 1993 मध्ये 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. ही झीज एका दिवसात कळत नाही, म्हणूनच ती पुढे ढकलली जाते.

पण इथे एक धोक्याचं वळण आहे. सगळा थकवा ताणाच्या खात्यावर टाकणं महागात पडू शकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. धाप, विसरभोळेपणा, चिडचिड, पायात गोळे ही लक्षणं रक्तक्षयातही दिसतात; थायरॉइड मंद असला तरी माणूस असाच सुस्तावतो. हिमोग्लोबिन, टीएसएच आणि साखर या तीन साध्या तपासण्या आधी कराव्यात, मानसिक ताणाची चर्चा त्यानंतर. नव्या रंगाचा आणि प्लायवूडच्या कपाटांचा वास कोंडून राहिला तरी डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. त्यावर गोळीपेक्षा समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणं बरं. रक्तदाब घरी मोजायचा असेल तर चहा होऊन अर्धा तास गेलेला असावा, पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर टेकवून मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावा. दगदगीत, ओट्याशी उभं राहून घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. छातीत दाब, बसल्या जागी धाप किंवा डाव्या हातात कळ आली तर मात्र घरी मोजत न बसता लगेच रुग्णालय गाठावं. दोन आठवडे सलग मन उदास आहे, कशातच रस नाही, असं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता त्या यादीचं काय करायचं? तिच्यातली सगळी कामं संपवणं कुणालाच शक्य नाही. दिलाशाची गोष्ट ही, की मनाला शांत व्हायला काम संपावंच लागतं असं नाही. 2011 मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी दाखवलं, की अर्धवट कामासाठी कधी, कुठे, कसं एवढी नेमकी योजना केली तरी ते काम मध्ये मध्ये टोचायचं थांबतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, अर्ध्यांनी करून झालेल्या कामांची. पहिल्या गटाला सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. प्रयोग छोटा आहे, पण एक वही आणि पाच मिनिटं एवढ्याच खर्चाचा. फक्त 'गॅसचं बघायचं' असं लिहून भागत नाही. 'मंगळवारी अकरा वाजता एजन्सीत जाणे, सोबत जुनं कार्ड आणि घराच्या कराराची प्रत' असं लिहावं लागतं.

वहीने अर्धंच काम होतं, कारण वही कुणाची हा प्रश्न उरतो. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात असं दिसलं. घरकामात भाग घेणारे पुरुष 88 मिनिटं. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते, म्हणजे पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला आणि अंतर होतं तिथेच राहिलं. शिवाय ही झाली हाताने केलेली कामं. अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2019 मध्ये अमेरिकेतल्या जोडप्यांच्या मुलाखती घेऊन घर चालवण्यातल्या डोक्याच्या कामाचे चार तुकडे पाडले: काय लागणार हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय घ्यायला दोघंही होते. आधी ओळखणं आणि मागून लक्ष ठेवणं मात्र बहुतेक घरांत बायकांकडे होतं.

आपल्याकडे हे समजायला मुलाखतींची गरज नाही. 'सिलिंडर लावून देऊ का?' असं विचारणारा नवरा चांगलाच असतो. पण सिलिंडर कधी संपेल, बुकिंग कधी करायचं, माणूस येईल तेव्हा घरी कोण असेल, हे बायकोच्याच डोक्यात राहतं. हात हलका झाला, डोकं नाही. म्हणून वाटणी कामांची न करता अख्ख्या खात्यांची करावी. सिलिंडर, वीजबिल आणि सोसायटी एकाकडे, शेवटच्या पावतीपर्यंत. शाळेचं खातं दुसऱ्याकडे. सासूबाईंच्या गोळ्यांचा हिशोब बारा-तेरा वर्षांच्या नातीलाही ठेवता येतो, आणि आठवड्याच्या कप्प्यांची डबी घेतली तर स्वतः सासूबाईंनाही. धंद्यातही एक कुंपण लागतं. उद्याच्या डब्याची ऑर्डर रात्री नऊनंतर घेतली जाणार नाही, असं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एकदा लिहून टाकलं की पहिल्या आठवड्यात दोन ग्राहक नाराज होतात, नंतर सगळे साडेआठला मेसेज करू लागतात.

खातं सोपवल्यावर पहिले काही आठवडे ते नीट चालत नाही, हे धरून चालावं. एखादं बिल उशिरा भरलं जातं, सिलिंडर ऐन सकाळी संपतो आणि त्या दिवशीच्या पोळ्या शेजारच्यांच्या गॅसवर भाजाव्या लागतात. बहुतेक घरांत नेमक्या अशाच सकाळी सोपवलेलं खातं मुकाट्याने परत घेतलं जातं. ते न घेता संध्याकाळी पुढच्या बुकिंगची तारीख ज्याचं खातं त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्यावी.