दुर्बिणीतून अपेंडिक्स : शिकाऊ हात तयार होतात कसे?

"ऑपरेशन मोठे डॉक्टरच करतील ना? शिकाऊ पोरांच्या हाती नको हो!" अपेंडिक्सच्या रुग्णाचे नातेवाईक हे मला हमखास विचारतात. काळजी रास्त आहे. पण आजचा हा शिकाऊ डॉक्टर उद्या शिरपूर, साक्री, चोपडा किंवा पारोळ्याला एकटा असणार आणि मध्यरात्री पोट धरून आपण त्याच्याच दारी जाणार. तेव्हा खरा प्रश्न असा, की रुग्णाला धोका न पोहोचवता त्याला शिकवायचे कसे?

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, करंगळीसारखी बारीक नळी. १९८० साली जर्मनीतील कील येथे डॉ. कुर्ट झेम यांनी ती प्रथम दुर्बिणीतून काढली. ते मूळचे स्त्रीरोगतज्ज्ञ. आपल्याकडे डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि ही विद्या देशात रुजू लागली. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. २०१८ साली जळगावलाही शासकीय महाविद्यालय सुरू झाले. आता खानदेशातच डॉक्टर घडत आहेत.

या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. बेंबीजवळच्या साधारण १० मिलिमीटरच्या छिद्रातून दुर्बीण आणि आणखी दोन लहान छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारे आत जातात. नजर मात्र टीव्हीच्या पडद्यावर! पडद्यावर खोली नीट कळत नाही, बोटांना स्पर्श कळत नाही, आणि हात डावीकडे नेला की हत्याराचे टोक उजवीकडे जाते.

म्हणून पहिला सराव माणसावर नव्हे, पेटीवर. पेटीत कॅमेरा ठेवून शिकाऊ डॉक्टर हरभऱ्याचे दाणे एका वाटीतून दुसरीत टाकतो, मणी ओवतो, रबरी हातमोज्याच्या बोटाला अपेंडिक्स समजून फास बांधतो. दुसरी पायरी कॅमेरा धरण्याची. त्यानंतर अदलाबदल होते : कॅमेरा वरिष्ठांकडे, हत्यारे शिकाऊकडे. तेही आधी एकच टप्पा. तो जमला की पुढचा. सुरुवातीला साधे रुग्णच दिले जातात. फुटलेले, पू झालेले अपेंडिक्स नव्हे.

तीन गोष्टी मी घोटून घेतो. बेंबीमागे, पाठीच्या कण्यालगत, शरीरातील सर्वांत मोठ्या रक्तवाहिन्या असतात. म्हणून पहिली नळी घाईने खुपसायची नाही. अपेंडिक्सची रक्तवाहिनी आधी नीट बंद करायची. आणि मूळ दिसल्याशिवाय कापायचे नाही. मोठ्या आतड्यावरचे तीन पट्टे जिथे एकत्र येतात, तिथे ते सापडते. लांब तुकडा मागे राहिला तर त्याला पुन्हा सूज येऊ शकते.

चौथा धडा सर्वांत अवघड : थांबणे. रक्तस्राव आवरेना, मूळ दिसेना, तर वरिष्ठांना हाक मारायची; गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करायची. यात कमीपणा नाही, शहाणपण आहे. म्हणूनच संमतीपत्रावर ही शक्यता आधीच लिहिलेली असते. 'दुर्बीण फसली' असा अर्थ नातेवाइकांनी काढू नये. किती शस्त्रक्रियांनंतर हात तयार होतो, याचा एकच आकडा नाही. तो वरिष्ठांनी डोळ्यांनी पाहूनच ठरवायचा.

आपण काय करावे? शस्त्रक्रिया कोण करणार आणि वरिष्ठ डॉक्टर शस्त्रक्रियागृहात हजर असतील का, हे अवश्य विचारा. तो आपला हक्क आहे. मात्र 'मोठे डॉक्टर' शोधण्यात वेळ दवडू नका. बेंबीभोवती सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकली, उलटी, ताप आला, तर एरंडेल किंवा जुलाब देऊ नका, पोट शेकू नका. काही खाऊ न घालता रुग्णाला थेट रुग्णालयात न्या. वरिष्ठांच्या नजरेखाली काम करणाऱ्या शिकाऊ हातापेक्षा घरी फुटलेले अपेंडिक्स कितीतरी धोक्याचे असते.