विश्लेषण : ६५ मिलिमीटरच्या रेषेवर अडते काय? पाऊस मोजणे एवढे अवघड का?

मंडळात २४ तासांत ६५ मिमी पाऊस नोंदला गेला की 'अतिवृष्टी'. ६४ मिमी असेल तर नाही. पंचनामे आणि मदत या दोन्हींची सुरुवात याच आकड्यापासून होते. पण तो येतो कुठून आणि त्यावर किती भरवसा ठेवावा?

दर पावसाळ्यात मराठवाडा आणि विदर्भातून एक तक्रार हमखास येते. शिवारात गुडघाभर पाणी साचले, सोयाबीन पिवळे पडले, पण मंडळाच्या केंद्रावर पाऊस कमी नोंदला गेला म्हणून गाव यादीत नाही. शेजारच्या मंडळातील गाव मात्र यादीत आहे. अशा वेळी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे एकच उत्तर देतात : 'नोंद तेवढीच आहे.' या नोंदीमागे भौतिकशास्त्र आहे, यंत्रांच्या मर्यादा आहेत आणि बराच पैसाही आहे.

६५ मिमी म्हणजे नेमके किती पाणी?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एकरभर रानात ६५ मिमी पाऊस झाला तर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडले, म्हणजे दहा हजार लिटरचे २६ टँकर.

भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांतील ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस 'मुसळधार', २०४.४ मिमीपर्यंत 'अति मुसळधार' आणि त्यापुढे 'अत्यंत मुसळधार' गणला जातो. महसूल खात्याची अतिवृष्टीची ६५ मिमीची रेषा जवळपास तीच. मात्र हवामान विभागाची वर्गवारी पावसाचा जोर सांगते, पिकाचे नुकसान नाही. जुलैत कोकणातील भाताच्या खाचरात ६५ मिमी पाऊस ही रोजची गोष्ट आहे. काढणीला आलेल्या सोयाबीनवर तीन दिवस रोज ३० मिमी पडला तर शेंगांना जागेवरच कोंब फुटतात, पण तिथे ही रेषा ओलांडलीच जात नाही.

त्यात दिवस धरण्याचा प्रश्न येतो. हवामान विभागाचा 'पावसाचा दिवस' सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पहाटे पाच ते दुपारी बारापर्यंत सलग ८० मिमी पाऊस झाला, तर तो ४० आणि ४० असा दोन दिवसांत विभागला जाऊ शकतो. शेतात पाणी एकदाच साचते, पण कागदावर दोन साधे पावसाळी दिवस उरतात.

मोजणी नेमकी कुठे होते?

राज्यात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पूर्वीच्या तालुक्याला एक पर्जन्यमापकाच्या तुलनेत ही मोठी झेप आहे. तरीही राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर येतात. पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटर धरले, म्हणजे साधारण फुलक्याएवढे, तर ते भांडे आपल्यापेक्षा साडेसातशे कोटी पट मोठ्या जमिनीच्या वतीने साक्ष देत असते.

महसूल आणि पाऊस यांचे नाते नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्याचे कुंड कोठाराजवळ ठेवायला सांगितले आहे. निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची मापेही तिथे दिली आहेत. अपरान्ताच्या, म्हणजे आजच्या कोकणाच्या बाबतीत मात्र ग्रंथकाराने मापाचा नाद सोडून पाऊस 'अमित' असल्याचे म्हटले आहे.

वाऱ्यामुळे पाऊस कमी कसा भरतो?

अठराव्या शतकात लंडनमध्ये विल्यम हेबर्डन या डॉक्टरने तीन सारखीच भांडी ठेवली : एक जमिनीलगत, एक घराच्या छपरावर आणि एक वेस्टमिन्स्टर ॲबीच्या उंच छतावर. १७६६-६७ च्या वर्षभरात जमिनीलगतच्या भांड्यात २२.६ इंच पाऊस जमला, घराच्या छपरावर १८.१ इंच आणि ॲबीवर अवघा १२.१ इंच. शहर एक, ढग तेच, तरी पाऊस निम्म्यावर. थेंब खाली येताना हवेतील बाष्प गोळा करून मोठे होत असावेत, असे तेव्हा अनेकांना वाटले.

हे कोडे पटेल अशा रीतीने सोडवणारा माणूस पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाला. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत धातूंची पारख करण्याची नोकरी करत होता आणि फावल्या वेळात हवामानाच्या नोंदी ठेवत होता. १८६१ मध्ये त्याने दाखवून दिले की थेंब वाटेत एवढे वाढूच शकत नाहीत. दोष वाऱ्याचा आहे. वारा भांड्याला अडला की त्याच्या तोंडावरून उसळून वेगाने पुढे जातो आणि आत पडणारे थेंब सोबत नेतो. उंचीवर वारा जास्त, म्हणून तूटही जास्त. याच जेव्हन्सने पुढे सूर्यावरील डाग, भारतातील पिके आणि इंग्लंडमधील व्यापारी मंदी यांचा संबंध जोडला. तो सिद्धान्त टिकला नाही. वाऱ्याचा टिकला.

म्हणूनच हवामान विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाचा काठ जमिनीपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर असतो. जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून त्याचे अंतर त्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट, शक्यतो चौपट असावे, असा संकेत आहे. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर किंवा शाळेच्या भिंतीला खेटून बसवलेले यंत्र पाऊस मोजते, पण तो गावाचा पाऊस असेलच असे नाही.

यंत्र किती चुकते?

स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली एक छोटी तराजूसारखी दुहेरी वाटी असते. एक बाजू भरली की ती कलंडते, पाणी ओतते आणि दुसरी बाजू वर येते. प्रत्येक कलंडणे म्हणजे एक विद्युत स्पंद आणि यंत्र मोजते ते हे स्पंद. २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला दहा मिलिलिटरला कलंडणारी वाटी बसवली, तर एका कलंडण्याचा अर्थ अर्धा मिलिमीटर पाऊस. १२९ वेळा कलंडली तर ६४.५ मिमी, १३० वेळा कलंडली तर ६५. दोन चमचे पाण्याचा हा फरक आहे.

वाटी कलंडायला सेकंदाचा काही अंश लागतो आणि तेवढ्या वेळात वरून येणारे पाणी मोजणीतून सुटते. रिमझिम पावसात याचा फरक पडत नाही. धो-धो पावसात पडतो. म्हणजे ज्या पावसात नोंद सर्वाधिक महत्त्वाची, त्याच पावसात हे यंत्र कमी दाखवते. पाला, कोळ्याचे जाळे आणि पाखरांची विष्ठा यांमुळे नरसाळे तुंबण्याचा प्रकार तर वेगळाच.

जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार चांगल्या व्यवस्थेतही दिवसाच्या पावसाची नोंद पाच टक्क्यांपर्यंत अनिश्चित धरावी लागते. ६५ चे पाच टक्के म्हणजे सव्वातीन मिमी. शास्त्राच्या दृष्टीने ६२ आणि ६५ हे आकडे वेगळे आहेत असे ठामपणे म्हणताच येत नाही. शासन निर्णयात मात्र ते वेगळे आहेत.

एकाच शहरात दोन पाऊस कसे?

२६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४.२ मिमी पाऊस नोंदला आणि कुलाब्याच्या वेधशाळेने ७३.४ मिमी. दोन्ही यंत्रे ठीक होती. पावसाळी ढगाचा गाभा कधी कधी काही किलोमीटरच रुंद असतो. त्या दिवशी शहरात फक्त कुलाब्याचे केंद्र असते, तर सरकारी दप्तरात तो जुलैतील एक मुसळधार दिवस ठरला असता.

या घटनेनंतर मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली गेली. अभियंत्यांना त्यांतून हवे असते ते दिवसाच्या बेरजेपेक्षा वेगळे. गटारांची जुनी क्षमता तासाला २५ मिमी पावसाची होती आणि 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ती ५० मिमी करायला सांगितली. दिवसभरात २०० मिमी पाऊस संथ पडला तर गटारे तो पेलतात. ७० मिमी पाऊस पाऊण तासात कोसळला तर हिंदमाता तुंबते. तिथे पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद लागते.

जंगलाला कोणता आकडा कळतो?

महाबळेश्वरला वर्षाला सुमारे सहा हजार मिमी पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या साधारण एक तृतीयांश आणि घाट उतरून वाईत आलात की जेमतेम सातशे मिमी. एवढा उतार ३०-३२ किलोमीटरच्या रस्त्यात. पण सह्याद्रीच्या जंगलाचा पोत केवळ या बेरजेवर ठरत नाही. महाराष्ट्रातील घाटमाथ्यावर केरळातील अनेक ठिकाणांपेक्षा जास्त पाऊस पडतो, तरी तिकडची सदाहरित वने अधिक उंच आणि अधिक विविध आहेत. कारण आपल्याकडे कोरडे महिने सात-आठ, तर दक्षिणेकडे तीन-चार. झाडाला किती पडला यापेक्षा किती दिवस पडला नाही, हे जास्त जाणवते.

वनस्पती-अभ्यासाचे एक साधन आता महसूल खात्याच्याही कामी येते. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंच्या फरकावरून उपग्रह पिकाची तब्येत ताडतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये 'सततचा पाऊस' ही आपत्ती मानली, तेव्हा सलग पाच दिवस रोज किमान १० मिमी पाऊस, सरासरीशी तुलना आणि त्यासोबत हा वनस्पती निर्देशांक असे निकष ठेवले. भांड्याबाहेर पाहण्याचा हा एक प्रयत्न आहे.

विम्यात याचा काय फटका?

फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात मुळात बाग पाहिली जात नाही. केंद्रावरील पाऊस, तापमान, आर्द्रता ठरावीक रेषेपलीकडे गेली की भरपाई. भारतात अशा विम्याची सुरुवात २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगरला झाली. पाहणीचा खर्च नाही, वशिल्याला वाव नाही आणि पैसे लवकर, हे त्याचे फायदे खरे आहेत. तोटा एकच, पण मोठा : नोंद आणि नुकसान जुळले नाही तर हप्ता भरूनही हात रिकामा. अर्थशास्त्रात याला 'बेसिस रिस्क' म्हणतात. मुशफिक मोबारक आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांच्या भारतातील अभ्यासात हवामान केंद्र जितके दूर, तितकी या विम्याची मागणी कमी असल्याचे दिसले. शेतकऱ्याला 'बेसिस रिस्क' हा शब्द ठाऊक नसेल, पण केंद्र आपल्या बांधापासून किती कोस लांब आहे, हे त्याला पक्के माहीत असते.

आकड्यावर पैसा लागला की आकड्यालाही धोका असतो. अमेरिकेतील कोलोरॅडोत दोन पशुपालकांनी पावसाच्या निर्देशांकावरील विम्यासाठी सरकारी पर्जन्यमापकेच झाकली आणि त्यांच्या तारा तोडल्या, जेणेकरून पाऊस पडलाच नाही असे दिसावे. दोघांनी गुन्हा कबूल केला आणि सुमारे ६६ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले.

मग रडार आणि उपग्रहावर का विसंबू नये?

रडारला पाणी दिसत नाही, थेंबांवरून परतलेली लहर दिसते. ती थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते. व्यास दुप्पट झाला तर पाणी आठपट, पण रडारचा प्रतिध्वनी चौसष्टपट. थोडेच पण टपोरे थेंब असतील तर रडार फसते. उपग्रह ढगांवरून आणि सूक्ष्मलहरींवरून अंदाज बांधतो आणि त्याचा चौकोन साधारण दहा किलोमीटरचा असतो. दोघांनाही वेळोवेळी जमिनीवरच्या भांड्याशी ताडून पाहावे लागते.

म्हणून केंद्राच्या 'विंड्स' योजनेत तालुका पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक असा आराखडा आहे. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक ठिकाणी मोकळी जागा, कुंपण, बॅटरी आणि मोबाइलची रेंज लागेल. शिवाय मृगाआधी नरसाळ्यातील पाला काढून वाटी मोजलेल्या पाण्याने तपासून घेणारा माणूस लागेल.