आपलं वजन, आपला गट

मुष्टियुद्धाच्या आधुनिक नियमांना ज्याचं नाव मिळालं, तो क्वीन्सबरीचा मार्क्विस केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात शिकला. ते नियम प्रत्यक्षात लिहिणारा जॉन ग्रॅहम चेंबर्स त्याच गावातल्या ट्रिनिटी कॉलेजचा. १८६७ साली नियम प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी लंडनमध्ये हौशी खेळाडूंची स्पर्धा भरली. गट तीनच होते: लाइट, मिडल आणि हेवी. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंद, एवढं सगळ्यांना आठवतं. मला त्या स्पर्धेतली वजनाची विभागणीच अधिक मोलाची वाटते, कारण सारख्या वजनाचा जोडीदार समोर नसेल तर बाकीच्या नियमांना फारसा अर्थ उरत नाही.

केंब्रिज आणि ऑक्सफर्ड यांच्यातला बॉक्सिंगचा सामना १८९७ पासून चालत आला आहे. ऑक्टोबरात कॉलेजं उघडतात आणि हा सामना सहसा मार्चच्या सुमारास होतो. आयुष्यात पहिल्यांदाच हातमोजे चढवणारी मुलंही दरवर्षी विद्यापीठाच्या क्लबात येतात. पुण्या-नाशकातून शिकायला गेलेल्या मुलाला किंवा मुलीला तिथे पहिल्या काही आठवड्यांतच एक प्रश्न पडतो: मी कोणत्या गटात खेळू? आजूबाजूने उत्तर येतं, जमेल तितक्या खालच्या. वजन उतरव, म्हणजे समोरचा तुझ्यापेक्षा लहान भेटेल. हौशी बॉक्सिंगमध्ये हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो.

त्याचं मुख्य कारण म्हणजे वजनाची वेळ. व्यावसायिक बॉक्सर लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभा राहतो. त्यामुळे अंगातलं पाणी काढून वजनात बसायचं आणि रात्रभरात खाऊनपिऊन पुन्हा भरून यायचं, हा खेळ त्याला करता येतो. हौशी खेळाडूचं वजन लढतीच्याच दिवशी सकाळी होतं. मोठ्या स्पर्धेत तर ज्या ज्या दिवशी लढत, त्या त्या दिवशी पुन्हा काटा. वजन आणि पहिली लढत यांत काही तासांचंच अंतर असतं. तेवढ्यात पोटात अन्न जाईल, पण शरीर सावरणार नाही. वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी दमसास कमी होऊ लागतो. शिवाय सुकलेल्या शरीराने डोक्यावर ठोसे झेलणं अधिक धोक्याचं, ही वैद्यकीय तज्ज्ञांची जुनी चिंता आहे.

ही भीती पोकळ नाही. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवता उतरवता मरण पावले. गरम खोलीत, घाम काढणारे कपडे घालून, पाणी बंद करून ते व्यायाम करत होते. त्यानंतर तिथे वजनाची वेळ सामन्याच्या जवळ आणली गेली. हंगामाआधी शरीरातलं पाणी आणि चरबी तपासून प्रत्येकाचं किमान वजन ठरवायची पद्धतही आली.

विनेश फोगाटचं पॅरिस आपण सगळ्यांनी पाहिलं. २०२४च्या ऑगस्टमध्ये ५० किलोच्या गटात पहिल्या दिवशी तिन्ही कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅमने बाद झाली. चर्चा त्या शंभर ग्रॅमचीच झाली. खरी गोष्ट आधीची होती. तिचा नेहमीचा गट ५३ किलोचा, पण तिथली ऑलिंपिकची जागा अंतिम पंघालने मिळवली होती. म्हणून विनेश खाली उतरली. आपल्या गटात आधीच कुणी पक्कं बसलेलं असणं, हे वजन उतरवण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. विद्यापीठाच्या संघातही तेच होतं, कारण एका वजनाला साधारण एकच जागा असते. ऑलिंपिक पदकासाठी एखाद्या कसलेल्या खेळाडूने डॉक्टर आणि प्रशिक्षकांच्या पहाऱ्यात तो धोका पत्करला, तर मी समजू शकतो. पहिल्याच वर्षी, अभ्यास सांभाळून खेळणाऱ्या मुलाने तो पत्करू नये.

वर गेल्याने बिघडतं, असंही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोत खेळले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलोत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. बॉक्सर लवलीना बोरगोहेनने टोकियोत ६९ किलोत पदक मिळवलं. पुढे ऑलिंपिकमधून तो गटच गेला. उरले ६६ आणि ७५. तिने ७५ निवडला आणि २०२३ साली दिल्लीत जगज्जेती झाली. मेरी कोमला तर निवडायलाच जागा नव्हती. २०१२ साली लंडनमध्ये महिलांचा सर्वांत हलका गट ५१ किलोचा होता. एरवी ४६-४८ किलोत खेळणारी मेरी आपल्याहून थोराड मुलींशी लढून कांस्यपदक घेऊन आली.

आता गटांमधलं अंतरही कमी झालं आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांना ६३.५ नंतर थेट ७१ आणि मग ८० होतं. वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२५च्या लिव्हरपूल जागतिक स्पर्धेत पुरुषांसाठी ५० ते ९० पर्यंत दर पाच किलोंना एक गट होता, वर ९० च्या पुढचा. महिलांचेही दहा गट होते, ४८ किलोपासून सुरू होणारे. क्लबांच्या साध्या कार्यक्रमात तर गटापेक्षा जोडीला महत्त्व. जत्रेच्या कुस्तीत वस्ताद नजरेने जोड लावतात, तसे इथे दोन्हीकडचे प्रशिक्षक वजन, वय आणि आधीच्या लढती पाहून सामना ठरवतात. त्यामुळे नवख्याने एखाद्या आकड्यासाठी उपाशी राहायचं कारणच नसतं.

मराठी मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त, हे याज्ञिकांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचं सूत्र आहे. बॉक्सिंगपुरता त्याचा अर्थ असा की, ६५ किलोचा आपला मुलगा आणि ६५ किलोचा त्याचा इंग्रज प्रतिस्पर्धी काट्यावर सारखे असले, तरी रिंगणात सारखे असतीलच असं नाही. घाईने वजन उतरवलं तर आधीच कमी असलेले स्नायूही जातात. पहिल्या वर्षी आकडा तोच ठेवून आतलं शरीर बदलणं हाच शहाणपणाचा मार्ग. त्यासाठी डाळ, अंडी, दूध, मासे पोटभर हवेत, ताकदीचा व्यायाम हवा आणि झोप हवी.

मग गट ठरवायचा कसा? आधी दोन महिने नुसता सराव करा. नवं अन्न, थंडी आणि रोजची मेहनत यांनी परदेशातल्या पहिल्या सत्रात वजन हलतंच. ते स्थिरावलं की दोन-तीन आठवडे रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि सरासरी काढा. इंग्लंडमध्ये लोक बोलताना वजन स्टोनमध्ये सांगतात, एक स्टोन म्हणजे ६.३५ किलो. बॉक्सिंगचा हिशेब मात्र किलोतच ठेवा. सरासरी ६९ आली तर ७० चा गट तुमचा. ७१ आली आणि अंगावर चरबी असेल, तर दोन-तीन आठवड्यांत जेवण थोडं आवरून ७० वर येता येईल. आठवड्याला अर्धा किलो हा वेग बरा. ६८ असताना ६५ चा हट्ट धरायचा असेल, तर अंगातली चरबी आधी मोजून घ्या. ती मुळातच कमी असेल तर विषय तिथेच संपला. उंची आणि हातांची लांबी गटातल्या इतरांपेक्षा कमी असेल, तर खाली जायचा विचार रास्त आहे, पण तो एका हंगामाचा विचार आहे, एका आठवड्याचा नव्हे. मुलींची पाळी चुकू लागली, तर तो उपासमारीचा इशारा समजून डॉक्टरांना गाठावं. अठराच्या आतल्या, अजून वाढणाऱ्या मुलांनी तर वजन उतरवूच नये. शरीर नेईल त्या गटात जावं.

घरच्यांना एक विनंती. सामन्याच्या आदल्या रात्री फोनवर मूल सांगत असेल की, दुपारपासून पाणी प्यायलेलो नाही, हुडी घालून धावून आलो, अजून सातशे ग्रॅम उतरायचे आहेत, तर ‘जिंकून ये’ म्हणू नका. पाणी पी, जेव आणि प्रशिक्षकाला सांगून या वेळी नाव मागे घे, असं स्पष्ट सांगा.